धुरपतामायचं वाडगं

ये गं नंदे, अशी जवळ सरक. तू तिकडं नाशकात बसून हे वाचायलीस, तरी माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस असंच मी धरून चालते. आणि आधी बोलणी खा. परवा फोनवर "आजी, ठेवते गं, मन लागत नाही" एवढं म्हणालीस आणि ठेवून दिलास. आजीला असं अर्ध्या बोलण्यावर टांगून ठेवतात का? पुढचं तुझ्या आईकडून कळलं. बाळाच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी मदत मागितलीस, कसला तरी दाखला कमी पडला आणि अर्ज परत आला. आणि तेवढ्यावरून तू दोन दिवस जेवली नाहीस! कागद परत आला म्हणून अन्नावर राग काढायचा, हे कुणी शिकवलं तुला? मी तर नाही शिकवलं.

असाच अर्ज आमच्या वाडीतल्या एका बाईनं केला होता. तिला अक्षर येत नव्हतं. कचेरीचं दार कुठल्या अंगाला उघडतं तेही ठाऊक नव्हतं. तिचं नाव धुरपता. लहानथोर सगळे तिला धुरपतामाय म्हणायचे. तिची गोष्ट तुझ्या आईनं तुला कधी सांगितली नसणार, कारण त्या गोष्टीत तुझ्या आईची फजिती आहे. मी सांगते.

निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. आपला जिल्हा मुंबईच्या राज्याला जोडला गेला, त्याच्या आसपासचा काळ. आमची वाडी बोरीपासून कोसभर आत. चार एकर कोरडवाहू रान आणि त्यात तीन भाऊ, तेव्हा मी नवी सून असले तरी खुरपं घेऊन दुसऱ्याच्या रानात जायचेच. लाज कसली त्यात.

धुरपतामाय धनगराची. उंच, काटक, उन्हानं रापून तव्यासारखी झालेली. खांद्यावर बारा महिने घोंगडी. उन्हाळ्यात कुणी म्हटलं, "माय, उकडत न्हाई का?" तर म्हणायची, "घोंगडीला इचार." नवरा वारला तेव्हा निम्मी मेंढरं विकली गेली आणि उरलेली निजाम जायच्या गडबडीच्या साली गेली, कुठं गेली ते तिनं कधी सांगितलं नाही. मागं राहिलं ते वाडगं. म्हणजे मेंढरं कोंडायचा काट्याच्या कुंपणाचा वाडा, मधोमध एक मोठा लिंब. मेंढरं गेली तरी ती रोज ते वाडगं झाडायची. आम्ही हसायचो, रिकामं वाडगं काय झाडायचं! ती म्हणायची, "रिकामं हाय म्हून घाण ठेवायची व्हय?"

तिच्या सवयी सांगते. माणसाकडं ती आधी बघायची नाही, आधी वास घ्यायची. लेकराच्या टाळूला नाक लावून सांगायची, "हिच्या आईनं रात्री अंबाडी खाल्ली." आणि खरं निघायचं! कुणावर रागावली तर शिवी एकच, "बिनकानाची मेंढी". हा शब्द तिनं मलाही दिलाय, पाटलालाही दिलाय. आणि एक गोष्ट कधी करायची नाही. मोजायची नाही. माणसं नाही, मेंढरं नाही, लेकरं तर नाहीच नाही. "मोजलं की घटतं," म्हणायची. "मेंढरं मोजत नसत्यात, वळखत्यात. एक कमी असलं तर काळजाला कळतंय."

आता तुला एक वाईट गोष्ट सांगते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तेव्हा रानात जाताना अंगावरचं लेकरू सोबत न्यायचं. बांधावरच्या बाभळीला झोळी टांगायची, त्यात लेकरू घालायचं. ते रडलं तर मुकादम ओरडायचा. म्हणून बोटाच्या टोकाला अफू लावून लेकराला चाटवायची. बाया एकमेकींना विचारायच्या, "बोट लावलंस का?" जसं विचारावं, भाकरी बांधलीस का. दिवसभर लेकरू गपगार. कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मला वाटायचं म्हणावं तर मीही लावलंय, नंदे. खोटं कशाला लिहू.

एक दिवस पाटलाच्या तुरीत खुरपण चाललं होतं. दिवस कलायला लागला तेव्हा माझ्या शेजारची काशी झोळीकडं गेली आणि तिथूनच किंचाळली. लेकरू हलेना, डोळा उघडेना. आम्ही सगळ्या गोळा होऊन नुसत्या "अगं माय, अगं माय" करायलो. धुरपतामाय पलीकडच्या बांधावर कुंपणासाठी काटे तोडत होती. ती आली, काशीला बाजूला सारलं, लेकरू उचललं. कुणाच्या तरी भाकरीच्या फडक्यातला कांदा बुक्कीनं फोडला आणि त्याच्या तळपायाला, नाकाला चोळला. टिचक्या मारल्या, गार पाणी शिंपडलं. मग त्याला खांद्यावर घेऊन बांधावरून चालायला लागली. चालत होती आणि मेंढरांना हाळी देतात तशी मोठ्यानं हाळी देत होती. "हुर्र्र्र ये! हुर्र्र्र ये!" जणू लेकरू लांब कुठं तरी चरायला गेलंय आणि ती त्याला बोलावतेय. या टोकाला गेली, त्या टोकाला गेली. आम्ही खुरपी टाकून बांधाला बसलो. मुकादमाची पण ओरडायची छाती झाली नाही.

दिवस मावळायच्या आत लेकरू रडलं. असं रडलं की वाडीपर्यंत ऐकू गेलं असंल. धुरपतामायनं त्याला काशीच्या पदरात टाकलं. रागावली नाही तिला. फक्त म्हणाली, "उद्या सकाळी माझ्या वाडग्यात आणून टाक. आन् तुमी पण गं, बिनकानाच्या मेंढ्यांनो."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला ती वाडीच्या वेशीत काठी आडवी धरून उभी! रानाकडं जाणाऱ्या प्रत्येकीला अडवायची. "लेकरू हितं ठेव, मग जा." काशीनं दिलं, मी दिलं, मग हळूहळू सगळ्यांनी दिलं. धनगराची रीतच ती. मेंढ्या चरायला जातात आणि कोकरं वाडग्यात राहतात. तीच रीत तिनं आमच्या लेकरांना लावली.

आणि कोकराचं सगळं शास्त्र लावलं. पहिल्या दिवशी प्रत्येकीला म्हणाली, "तुझ्या नेसत्या लुगड्याची वीतभर चिंधी दे." आम्हाला वाटलं, करणी-बिरणी करते की काय! ती म्हणाली, "आईचा वास असला की कोकरू झोपतंय. अफू कशाला लागती?" खरंच गं, तुझी आई माझ्या हिरव्या लुगड्याची चिंधी गालाखाली धरून झोपायची. संध्याकाळी लेकरू आईकडं दिलं की ती चिंधी कुंपणाच्या काट्याला अडकवून ठेवायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात. सांजेला ते कुंपण बघावं! हिरव्या, तांबड्या, काळ्या, चौकड्याच्या चिंध्या वाऱ्यावर उडायच्या.

पण मेंढी दुपारी पाजायला वाडग्यात येते. बाईला कोण सोडतो? धुरपतामाय सरळ पाटलाच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली. पाटील पान लावत होता.

"मालक, दुपारी बायांना घटकाभर सोडायचं."

"आन् खुरपायचं कुणी? तू?"

"दूध चढलेली मेंढी चरती का?"

"त्या मेंढ्या हायेत व्हय, धुरपते?"

"मेंढी असती तर तुमी सोडलीच असती. मेंढीचं दूध आटलं तर तुमाला कळतंय."

पाटलाच्या म्हाताऱ्या आईला आतून हसू फुटलं. ती म्हणाली, "सोड रे आठ दिवस. न्हाई जमलं तर बघू." सोडलं. आठ दिवसांत मुकादमच येऊन सांगायला लागला की दुपारनंतर बाया दुप्पट हात चालवायल्यात. चालवणारच की! जीव थाऱ्यावर असला की हात चालतोच. पाटील नंतर बोरीच्या बाजारात सांगत फिरायचा की ही युक्ती त्याचीच. धुरपतामायच्या कानावर आलं तर म्हणाली, "म्हणू द्या. त्याच्या नावानं का होईना, दुपारी सोडायला तर लागला."

असं वर्ष गेलं. पण ती पोटाला काय खाणार? आम्ही प्रत्येकी पायलीभर ज्वारी द्यायचो, सुगी होती तोवर. उन्हाळ्यात आमच्याच घरी चूल एक दिवसाआड पेटायची. लेकरं वाडग्यात भुकेली बसायची. ती शेरडाचं दूध कुठून कुठून मागून आणायची, ते पुरायचं नाही. अखेर एक दिवस ती म्हणाली, "बायांनो, आता मलापण खुरपं धरावं लागंल. वाडगं मोडतंय." तेव्हा काशी रडली. कारण वाडगं मोडलं की झोळी पुन्हा बाभळीला आणि बोट पुन्हा लेकराच्या तोंडात, हे सगळ्यांना कळत होतं.

नेमकं त्याच दिवसांत नवा ग्रामसेवक सायकलवर आला. परभणीचा कोवळा पोरगा, पायात बूट, पँटीला क्लिप. त्यानं चावडीपुढं कागद वाचून दाखवला. मजूर बायांची लेकरं जिथं सांभाळतात, तिथं सांभाळणाऱ्या बाईला सरकार पगार देणार, लेकरांना दुधाची भुकटी देणार. गावानं अर्ज करायचा. माणसं ऐकून तंबाखू मळत उठून गेली. धुरपतामाय मागं उभी होती. ती म्हणाली, "पुन्हा वाच रे बाबा." त्यानं पुन्हा वाचला. "आणखी एकदा." तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर विचारलं, "अर्जी कुठं करायची?"

जिंतूरला करायची होती. मी आणि काशी तिच्यासोबत गेलो, पाटलाच्या सरकी नेणाऱ्या गाडीत बसून. कचेरीसमोर झाडाखाली एक म्हातारे मुन्शीजी लाकडी पेटीवर कागद ठेवून बसायचे. सगळा जन्म उर्दूत अर्ज लिहिण्यात गेलेला, आता मराठीत लिहायचा हुकूम झालेला. त्यामुळं ते एक शब्द लिहायचे आणि एकदा आभाळाकडं बघायचे.

"नाव?"

"धुरपता."

"पेशा?"

"लेकरं राखते."

"तालीम? शिक्षण कितपत?"

"मेंढरामागं झालं."

मुन्शीजींनी चष्मा वर केला. "दरखास्त कुणाच्या मुलांसाठी? तुमच्या?"

"गावाच्या."

"गावाच्या मुलांचा खर्च सरकारनं काहून करावा, बाई?"

"लेव्हीच्या वक्ताला आमच्या रानातली ज्वारी सरकार न्यायचं का न्हाई?"

"न्यायचं."

"ती ज्वारी कुणी काढली? बायांनी. बाई रानात हाय तवा तिचं लेकरू कुणी बघायचं? लिहा की."

मुन्शीजींनी लेखणी पेटीवर ठेवली. मग म्हणाले, "जमिनीच्या लिहिल्या, भावकीच्या लिहिल्या, मारामाऱ्यांच्या तर ढीगभर लिहिल्या. पण लेकरांसाठी दरखास्त ही पहिलीच." आणि मान खाली घालून अगदी मोत्यासारख्या अक्षरात लिहायला लागले. लिहून झाल्यावर वाचलं, "मेहेरबान सरकारच्या चरणी गरीब, दीन, लाचार..."

"थांबा. लाचार कोण?"

"तुम्ही, बाई. असंच लिहायचं असतं."

"मी लाचार न्हाई. काढा."

"हे लिहिलं नाही तर पुढं वाचणार न्हाईत ते."

"मग वर लिहा आन् खाली लिहा की धुरपता असं म्हणत न्हाई, मुन्शी म्हणतो."

मुन्शीजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. ते तीन शब्द त्यांनी खोडले. मेहनताना मात्र पुरता घेतला. धंदा तो धंदा.

आता खरी फजिती ऐक. अर्ज गेला, आणि लेकरं किती आहेत याची खात्री करायला ग्रामसेवक वही घेऊन घरोघर यायला लागला. नंदे, सरकारी माणूस वही घेऊन दारात आला, की आमच्या वाडीला एकच गोष्ट ठाऊक होती. दडवा! लेव्हीच्या काळात असाच माणूस यायचा, कणग्या मोजायचा आणि धान्य उचलून न्यायचा. ती सवय हाडात मुरलेली. मोजायला आला म्हणजे न्यायला आला. तो वेशीत दिसल्याबरोबर बायांनी लेकरं उचलली. कुणी गोठ्यात गवताखाली, कुणी मागच्या दारानं शेजारी. मी तुझ्या आईला उचललं आणि थेट रिकाम्या कणगीत घातलं, वरून सूप झाकलं!

"या घरात लहान मूल?"

"न्हाई बा," मी म्हणाले.

आणि कणगीतून तुझी आई शिंकली. मी म्हणाले, "उंदीर हाय."

बिचाऱ्यानं लिहून घेतलं, नाही. पुढच्या घरी नाही. काशीनं तर आपल्या लेकराला सासूच्या लुगड्याखाली बसवलं होतं आणि सासूला सांगितलं, हलू नका. शेवटी तो वाडग्याकडं गेला आणि धुरपतामायला विचारलं, "तुमच्याकडं किती मुलं असतात?"

"हायेत की."

"किती?"

"बक्कळ."

"आकडा सांगा, मावशी."

"आकडा सांगत नसत्यात."

महिन्याभरानं कागद परत आला. लेकरं पुरेशी नाहीत म्हणून नामंजूर. ग्रामसेवकानं वाचून दाखवलं तेव्हा धुरपतामायला आधी कळेचना. "पुरेशी न्हाईत? वाडगं पुरत न्हाई, आन् हे म्हणतेत लेकरं पुरत न्हाईत?" मग त्यानं वही काढून घराघरांची नावं वाचली. नाही, नाही, नाही. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला. काठी उचलली आणि घरोघर सुटली.

"लेकरं काय ज्वारी हाय व्हय गं, पेवात पुरायला?"

"मोजलं की नेतेत माय," काशी म्हणाली.

"कुठं नेतेत? लेकराला भाव काय मिळतोय बाजारात?"

माझ्या दारात आली. मी मान खाली घातली. "तू कुठं दडवलीस?"

"कणगीत."

ती माझ्याकडं बघत राहिली. वाटलं, आता काठी बसती. आणि अचानक ती मटकन उंबऱ्यावर बसली आणि हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "तुमाला काय बोलू? मला इचारलं तर मी तरी कुठं सांगितलं? मीच पहिली बिनकानाची मेंढी."

तिची अडचण मोठी होती. मोजल्याशिवाय मदत नाही, आणि मोजायला तिचा जीव धजत नव्हता. आम्हाला लेव्हीचं भय, तिला दुसरंच काही तरी. तरी दुसऱ्या आठवड्यात ती एकटी चालत जिंतूरला गेली, मुन्शीजींकडून पुन्हा अर्ज लिहवला आणि त्यात शेवटी घातलं, "मोजायला दुपारी या. घरी नको, वाडग्यात या."

या खेपेला कचेरीतून एक बाई आल्या. पांढरं पातळ, खांद्याला कापडी पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या. आम्ही कामावरून आलो होतो आणि कुंपणाबाहेर घोळक्यानं उभ्या होतो. आत लिंबाखाली लेकरं. बाईंनी पेन्सिल काढली, पहिल्या लेकराकडं रोखली आणि म्हणाल्या, "एक."

झालं! बाया कुंपणातून आत घुसल्या. ज्या हाताला जे लेकरू लागलं त्यावर पदर टाकला. माझ्या पदराखाली तर काशीचं होतं. एका क्षणात लिंबाखाली लेकरू दिसेना. बाईंचा पारा चढला. "अहो, मी मोजल्याशिवाय मदत कशी देऊ? आकडा नाही तर कागद पुढं जातच नाही!" ग्रामसेवक रडकुंडीला आलेला. अर्ज दुसऱ्यांदा परत आला असता तर तिसरा अर्ज कुणी केला नसता. सगळं त्या घटकेवर होतं.

धुरपतामाय वाडग्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली. काठी आडवी धरली. "बाई, पेन्सिल खाली घ्या. सोडा गं लेकरं. सगळ्या भाईर व्हा." आम्ही बाहेर झालो. मग ती लिंबाखाली गेली आणि एकेका लेकराच्या हातातली चिंधी काढून घेतली. काही रडली, काही चिकटून बसली. सगळ्या चिंध्या तिनं कुंपणाला ओळीनं अडकवल्या. आणि बाईंना म्हणाली, "लेकरं मोजू नका. चिंध्या मोजा. पर मनातल्या मनात."

बाईंनी पेन्सिल कानामागं खोवली. कुंपणाच्या कडेनं चालत गेल्या, ओठ न हलवता. टोकाला जाऊन वहीत काही लिहिलं. मग धुरपतामायनं फाटक उघडलं, एका वेळी एकच बाई आत जाईल एवढं. पहिली काशी गेली. तिनं आपली काळी चिंधी काढली आणि तिचं लेकरू दुडदुडत तिच्या पायाला भिडलं. मग मी गेले. हिरवी चिंधी, आणि मागं तुझी आई, नाक पुसत. एकेक चिंधी कुंपणावरून उतरत गेली, एकेक लेकरू आईला मिळत गेलं. एकही चिंधी उरली नाही, एकही लेकरू उरलं नाही. बाई प्रत्येक वेळी वहीत एक बारीक रेघ ओढत होत्या. किती रेघा झाल्या ते मी तेव्हा पाहिलं, पण आकडा आजही लिहिणार नाही. रागावू नको.

मग वयं विचारायची वेळ आली. "ही केवढी?" "गारा पडल्या त्या सालची." "हा?" "पाटलाचा बैल मेला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा." बाई हसत होत्या आणि लिहीत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एकच रकाना राहिला. मावशी, हे काम तुम्ही का सुरू केलंत?"

धुरपतामाय चिंधीचा दोरा बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "माझा धाकला झोळीत झोपला तो उठलाच न्हाई. बोट माझंच व्हतं."

कुणालाच ठाऊक नव्हतं गं. इतकी वर्षं एका वाडीत राहून कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंनी त्या रकान्यात काय लिहिलं, कुणास ठाऊक. धुरपतामायचा अंगठा मात्र त्यांनी स्वतः हातात धरून कागदावर टेकवला आणि नंतर लगेच सोडला नाही.

मंजुरीचा कागद आला तो बाजाराचा दिवस. ग्रामसेवक वेशीपासूनच सायकलची घंटी वाजवत आला, वाजवत वाजवत खड्ड्यात पडला, उठून पुन्हा वाजवायला लागला. "मंजूर! मंजूर!" धुरपतामायनं त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "मंजूर कुठं लिहिलंय ते दाव." त्यानं दाखवलं. तिनं त्यावर बोट ठेवलं, आणि ते बोट तिथून न हलवता कागद घेऊन सगळ्या वाडीत फिरली. "हे बघ, हितं मंजूर हाय." मी त्या अक्षरांकडं इतका वेळ बघितलं की ती मला पाठ झाली. पुढं वाडग्यात पाट्या आल्या तेव्हा लेकरांच्या पाटीवर मी पहिला शब्द गिरवला तो हाच. माझी शाळा ती एवढीच.

भुकटीचे डबे आले तेव्हा तिनं आधी डब्याला भंडारा लावला, मग ग्रामसेवकाच्या कपाळाला, मग त्याच्या सायकलीला. पोरगा पिवळाधमक! पाटलानं छपरासाठी बल्ल्या दिल्या, आम्ही बायांनी जमीन चोपून सारवली. काशीची सासू, तीच, लुगड्याखाली लेकरू दडवणारी, ती आता प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून वाडग्यात न्यायची, "बघा, आमची लेकरं बघा, केवढी हायेत बघा!" आणि मुन्शीजींना धुरपतामायनं कुणाच्या तरी हाती गूळ पाठवला. सांगितलं, "म्हणावं, धुरपता लाचार न्हाई."

त्या पावसाळ्यात आणि त्याच्या पुढच्याही पावसाळ्यात वाडीतल्या एकाही लेकराला बोट लागलं नाही.

दोन-तीन वर्षांनी तालुक्याहून शिकलेल्या बालवाडीच्या बाई आल्या. धुरपतामायनं त्यांना महिनाभर वाडग्यात बसवून वास घ्यायला शिकवलं, मग काठी त्यांच्या हातात दिली. राणीसावरगावकडं तिचा भाऊ थकला होता, त्याच्या मेंढरांमागं माणूस नव्हतं. "मेंढरं बोलवायलीत," म्हणाली.

ती निघाली त्या दिवशी आम्ही सगळ्या कामावरून परस्पर वेशीत आलो तिला निरोप द्यायला. गाडी जुंपलेली, ती घोंगडी पसरून वर बसलेली. आम्ही रडायलो, पाया पडायलो. तिनं वर उन्हाकडं बघितलं आणि एकदम खेकसली, "दुपार झाली की गं! हितं काय करायलात? लेकरं वाट बघायलीत, जा!" आम्ही हललो नाही. तिनं काठी उगारली. तेव्हा पळालो.

वाडग्यातून रडण्याचा कालवा ऐकू येत होता. आम्ही आत शिरलो, जिनं तिनं आपलं लेकरू पदराखाली घेतलं. एकेक रडणं थांबत गेलं. मी तुझ्या आईला कडेवर घेऊन कुंपणावरून वेशीकडं बघितलं. गाडी तिथंच उभी होती. धुरपतामाय आमच्याकडं बघत नव्हती. मान खाली घालून, कान देऊन बसली होती. शेवटचं लेकरू शांत झालं तेव्हा तिनं गाडीवानाच्या पाठीला काठी टेकवली. मग बैल चालायला लागले.

आता तू ये. बाळाला घेऊन ये. एकदा त्याच्या टाळूचा वास घेऊ दे मला, मग मी सांगते तू नीट जेवतेस की नाही ते. सुट्टीची वाट बघू नको, पुढच्या रविवारी निघ. बोरीच्या फाट्यावर मी कुणाला तरी पाठवते.